नाशिकचा महिला फुटबॉल संघ: जर्सीच्या आधी पगाराची तारीख ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये चार जुने खेळाडू मिळून सहा वर्षं मुलींची फुटबॉल अकादमी चालवतात. चाळीसेक मुली आहेत, त्यातल्या दहा-बारा खरंच चांगल्या. एक उद्योजक दोन वर्षं पैसे द्यायला तयार झालेत. मुलींचा व्यावसायिक संघ काढायचाय, नाव-लोगो-जर्सीचं काम सुरूही झालंय. बाहेरून दोन-तीन मोठ्या खेळाडू आणाव्यात का, आणि सुरुवात नेमकी कुठून करावी?

लोगो बाजूला ठेवा. जर्सीचं कापड निवडणंही आत्ता थांबवा. मी अठरा वर्षं मुलींच्या फुटबॉलमध्ये आहे. आधी खेळले, मग टीम मॅनेजर म्हणून दोन संघ सांभाळले. माझ्या मते खेळाडूच्या बँक खात्यात ठरलेल्या तारखेला पगार पडायला लागला की संघ व्यावसायिक होतो. त्याआधी तुमच्याकडे असते ती चांगली अकादमी. तीही मोलाचीच आहे, पण मुलीच्या घरी ‘प्रोफेशनल टीम’ म्हणून सांगायचं असेल तर हिशोब वेगळा होतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी ज्या पहिल्या संघाची मॅनेजर होते (नाव घेत नाही) त्याचं उद्घाटन फार थाटात झालं होतं. ढोल-ताशे, मंत्र्यांच्या हस्ते जर्सीचं अनावरण, शहरभर फलक. चौथ्या महिन्यात पगार थांबला. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौदा मुली राहत होत्या. आधी किराणावाल्याने उधारी बंद केली, मग वीज तोडली. गोलकीपर मणिपूरची होती. तिने मोबाईलच्या उजेडात बॅग भरली आणि माझ्याकडून गाडीभाड्यापुरते पैसे घेतले. पुढच्या वर्षी तिने ते परत पाठवले, मी नको म्हणत असताना. त्या मुलीचं माझ्याकडे काहीही देणं नव्हतं, उलट आम्हीच तिचे तीन महिन्यांचे देणेकरी होतो. म्हणून आता कुणी संघ काढायचं म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते: महिन्याच्या कोणत्या तारखेला पगार, आणि प्रायोजकाचा चेक उशिरा आला तर तो कोणत्या खात्यातून?

तुमच्या उद्योजकांशी याच मुद्द्यावर बसा. दोन वर्षं पैसे देतो, हा शब्द झाला. निदान सहा महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात आधी जमा करून घ्या, आणि त्याला जर्सी, प्रवास, उद्घाटन यांपैकी कशासाठीही हात लावायचा नाही असं लिहून ठेवा. ते एवढ्यालाही तयार नसतील तर अजून एक वर्ष अकादमीच चालवा. मुली थांबतील. फसवणूक झालेली मुलगी मात्र परत मैदानावर येत नाही, आणि तिच्या गावातून दुसरीही येत नाही.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं की देशाच्या पहिल्या श्रेणीच्या महिला लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार, आणि दहा जणींचे ३२ लाख. संघ दहा जणींचा नसतो, बावीस-तेवीस मुली लागतातच. राहणं, जेवण, प्रवास, फिजिओ, प्रशिक्षक यांचा खर्च मिळून माझ्या अनुभवात पगाराच्या रकमेच्या खाली कधी आलेला नाही. तुम्ही पहिल्याच वर्षी त्या श्रेणीत खेळणार नाही, त्यामुळे एवढे पैसे लगेच लागणार नाहीत. पण आपण कुठे पोचायचं म्हणतोय, त्याची पायरी केवढी उंच आहे हे आज ठाऊक हवं.

वाट अशी आहे: जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटनेकडे, म्हणजे विफाकडे, नोंदणी. राज्य पातळीवरच्या स्पर्धेत नाव काढायचं, मग इंडियन विमेन्स लीगची दुसरी श्रेणी, मग पहिली. ही लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीची वर्षं सगळे संघ एका ठिकाणी जमून काही आठवड्यांत स्पर्धा उरकायचे. २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने सुरू झाले. त्या हंगामात सात आणि २०२४-२५ मध्ये आठ संघ होते. त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुण्याचा संघ पहिल्याच हंगामात खेळला होता, नंतर कोल्हापूरचाही खेळला. पुण्याचा तो संघ पुरुषांच्या क्लबचा भाग होता आणि २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. मुलींचा संघ दुसऱ्याच्या पंगतीला बसला की यजमान उठल्यावर त्यालाही उठावं लागतं. तुमचा संघ स्वतःच्या पानावर बसतोय, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

घरचा-बाहेरचा सामना म्हणजे प्रवास. त्या दोन हंगामांत कोलकाता, कोझिकोड, भुवनेश्वर, बंगळुरू, दिल्ली अशी गावं होती. नाशिकरोडहून हावड्याला गाडीने जायचं तर एक अख्खा दिवस आणि वर काही तास. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी नव्वद मिनिटं धावायचं असेल तर स्लीपरच्या मधल्या बर्थवर पाय दुमडून झोपलेली डिफेंडर पहिल्या वीस मिनिटांतच सांगते की चूक कुठे झाली. प्रवासाचं बजेट कापायची वेळ आली तरी मुक्काम एका रात्रीने वाढवा, पण पोचल्या-पोचल्या खेळवू नका.

आता करार. याबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण इथेच आपण कमी पडतो.

दोन वर्षांपूर्वी मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर करार घेऊन गेले होते. मुलगी एकोणीस वर्षांची, लेफ्ट बॅक, डाव्या पायाचा क्रॉस असा की बघत राहावं. भाताची कापणी नुकती झाली होती, अंगणात उडवी रचलेली. करार इंग्रजीत, अकरा पानांचा. मी ओट्यावर बसून एकेक कलम मराठीत सांगायला लागले. वडील मान खाली घालून ऐकत होते. पगाराचा आकडा आला तेव्हा ते काही बोलले नाहीत. शिस्तीची कलमं झाली, तरी नाही. सगळं संपल्यावर म्हणाले, “ताई, पोरीचा पाय मोडला तर कोण बघंल? तुम्ही का आम्ही?” अकरा पानांत त्याचं उत्तर नव्हतं. आईने आतून विचारलं, “अन् रातच्याला मैदानावरून खोलीवर येताना संगती कोण?” तेही नव्हतं. मी सही न घेताच परत आले. क्लबमध्ये माझ्यावर चिडचिड झाली. दहा दिवसांनी दुखापतीचं आणि वाहनाचं कलम घालून, अख्खा करार मराठीत करून परत गेले. वडिलांनी तो शेजारच्या मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतला आणि मगच मुलीला पेन दिलं.

तेव्हापासून माझ्या करारात काही गोष्टी असतातच. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च क्लबचा आणि पगार चालू. विमा काढतानाही नीट वाचा, अनेक पॉलिसींमध्ये व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते आणि ते बारीक अक्षरात असतं. दुसरं, लीग पुढे ढकलली किंवा रद्द झाली तरी पगार थांबणार नाही. हे उगाच नाही सांगत. २०२०-२१ चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केलं तेव्हा गोकुळम केरळ या क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या आणि न खेळता परत आल्या. त्यांची काय चूक होती? तिसरं, गरोदरपण. खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची पगारी रजा द्यावी, हा फिफाचा नियम २०२१ पासून लागू आहे. आपल्याकडे हे कलम वाचलं की खोलीत शांतता पसरते. पसरू द्या, पण कलम ठेवा.

चौथं कलम नाशिकचं म्हणा हवं तर: परीक्षा आणि भरती. तुमची खरी स्पर्धा दुसऱ्या क्लबशी नाहीच, ती पोलीस भरतीशी आणि रेल्वेशी आहे. बाप विचारतो, फुटबॉल किती वर्षं? आणि त्याचं बरोबर आहे. क्रीडा कोट्यातली नोकरी म्हणजे आयुष्यभराची भाकरी. त्यामुळे भरतीच्या मैदानी चाचणीला, बोर्डाच्या किंवा कॉलेजच्या परीक्षेला सुट्टी मिळणार हे लिहूनच द्या. आम्ही हे केलं त्या वर्षी एकही मुलगी चोरून गेली नाही, आणि ज्या दोघी भरती झाल्या त्या सुट्टीत आमच्या लहान मुलींना शिकवायला येत राहिल्या.

अठराच्या आतल्या मुलींशी थेट करार करता येत नाही. आपल्या कायद्यात अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, व्यक्तीचा करार धरला जात नाही, पालकांना सोबत घ्यावंच लागतं, आणि फिफाच्या नियमाने असा करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसावा. शिवाय दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तिथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. संघ, प्रशिक्षक, वॉर्डन, मेसवाल्या मावशी मिळून तुम्ही दहाच्या पुढे सहज जाल. समितीत बाहेरची जाणकार व्यक्ती असतेच, ती फक्त कागदावर ठेवू नका, मुलींना तिचा चेहरा आणि फोन नंबर माहीत हवा. बाहेरगावच्या दौऱ्यावर एक तरी स्त्री अधिकारी सोबत असलीच पाहिजे. प्रशिक्षक कितीही सज्जन असू देत, हा नियम मी मोडू देत नाही.

मैदानावर यायच्या आधी रक्ततपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. आपल्या खेळाडू काही आभाळातून पडत नाहीत. “ही मुलगी साठाव्या मिनिटाला दम टाकते, हिच्यात जिगर नाही,” असं एका मिडफिल्डरबद्दल आमच्याकडे वर्षभर बोललं गेलं. मीही बोलले. हिमोग्लोबिन तपासलं तर आठ. डॉक्टरांच्या गोळ्या, आणि आहारात बाजरी, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, अंडी असं चार महिने चाललं, आणि ती नव्वद मिनिटं पळायला लागली. त्या मुलीची मी माफी मागितली. वर्षातून दोनदा तपासणी ठेवा, आणि मेसचा ठेका सगळ्यात स्वस्त बोलीला देऊ नका.

गुडघ्याचंही तसंच. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतो. शस्त्रक्रिया झाली तर परतायला नऊ महिने किंवा जास्त. यावर निदान अर्धा उपाय फुकटात मिळतो. ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे: उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. नॉर्वेत मुलींच्या क्लबांमध्ये तो करून पाहिला तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या, हे २००८ पासून माहीत आहे. आपल्याकडे अजून दोन फेऱ्या आणि हात फिरवणं म्हणजे वॉर्मअप. आज संध्याकाळपासून तुमच्या चाळीसही मुलींना सुरू करा, त्यासाठी कुठल्याही प्रायोजकाची वाट पाहायला नको.

आता मैदान. नाशिकचं हवामान फुटबॉलला फार चांगलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तर मुंबईच्या संघांना इथून हलावंसं वाटत नाही. अडचण मातीची आहे. आपली काळी माती पावसात बुटाच्या स्टडला किलोभर चिकटते आणि एप्रिलमध्ये भेगाळते. त्या भेगेत पाय अडकला की गुडघा गेलाच. सरावाचं मैदान भाड्याने घेणार असाल तर खालचा मुरूम, पाण्याचा निचरा आणि गवताची जात बघून घ्या, पॅव्हेलियन नंतर बघा. हिरावाडीच्या क्रीडा संकुलासारखी सरकारी जागा सामन्यांसाठी हवी असेल तर अर्ज आत्तापासून करा, कारण सिंहस्थ येतोय. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण आहे. पोलीस, महापालिका, वाहतूक, सगळं त्यात गुंतणार. खोल्यांची भाडी काय होतील ते २०१५ मध्ये आपण पाहिलंय. मुलींसाठी फ्लॅट घ्यायचा असेल तर दोन वर्षांचा भाडेकरार त्याआधी करा.

पैशांच्या बाबतीत एक गल्लत नेहमी होते. सातपूर-अंबडचे कारखानदार म्हणतात, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून देऊ. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणासाठी सीएसआर चालतो. पण स्वतःच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणून दोन घरं करा. अकादमी विश्वस्त संस्था किंवा ना-नफा कंपनी म्हणून, तिथे सीएसआर येऊ शकतो. व्यावसायिक संघ वेगळ्या कंपनीत, तिथे जर्सीवरचं नाव विकायचं. दोन्हींची बँक खाती, हिशोब वेगळे. चांगला सीए पहिल्याच महिन्यात गाठा. आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत: नाशिक द्राक्षांचं शहर आहे, वाइनवाले तुमच्याकडे येतील. छातीवर ते नाव घेऊ नका. ज्या बापाने मास्तरांकडून करार वाचून घेतला, त्याच्यासमोर मला ती जर्सी घालून उभं राहता येणार नाही.

मोठ्या खेळाडूंचं विचारलंत. पहिल्या वर्षी स्ट्रायकर आणू नका. त्याऐवजी एक गोलकीपर आणि एक सेंटर बॅक, म्हणजे मधली बचावपटू, आणा, वय तीसच्या आसपास, भरपूर खेळलेल्या, बोलक्या. मागून ओरडून लाइन सांभाळणारी एक बाई असली की तुमच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली तिच्यापुढे दुप्पट खेळतात. आणि तिचा पगार स्थानिक मुलींच्या पगाराच्या पाचपट असू देऊ नका. खोलीत सगळ्यांना सगळं कळतं.

स्थानिक मुलींबद्दल एक सावधगिरी. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की पेठ-सुरगाण्याच्या मुली आणा, बूट द्या, झाला संघ. त्या मुलींची फुप्फुसं आणि खो-खोतून आलेलं वळणं खरंच अप्रतिम असतं. पण चेंडू पायाशी मरणं, म्हणजे फर्स्ट टच, हे दहा-अकराव्या वर्षापासूनचं काम आहे. अठराव्या वर्षी धावपटूला दोन महिन्यांत फुटबॉलपटू करू नका, तिच्यावर अन्याय होतो. आश्रमशाळांमध्ये आजच चेंडू पोचवा, आठ वर्षांनी बघा.

‘मुलींचं फुटबॉल कोण बघणार’ हे तुम्हाला ऐकवलं जाईलच. १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना ५३ हजार लोकांनी पाहिला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली. ती पन्नास वर्षं टिकली. बघणारे होते, दार बंद केलं गेलं. आपल्याकडे पहिला हंगाम प्रवेश मोफत ठेवा, सामना रविवारी सकाळी घ्या, स्वच्छ पाण्याची स्वच्छतागृहं ठेवा, आणि खेळाडूंच्या आयांना पुढच्या रांगेत बसवा. पाड्यावरून येणाऱ्यांच्या एसटीचं भाडं क्लबने द्यावं.

नावाचं शेवटी. बोस्टनच्या नव्या महिला संघाने २०२४ मध्ये मोठ्या जाहिरातीसह एक नाव जाहीर केलं. जाहिरातीतला द्व्यर्थी विनोद लोकांना इतका खटकला की माफी मागावी लागली, आणि पुढच्या वर्षी नावच बदलून ‘बोस्टन लेगसी’ केलं.  तुम्ही एजन्सीकडे जाण्याआधी तुमच्या चाळीस मुलींना एका संध्याकाळी गोलाकार बसवा आणि त्यांना विचारा. आणि जर्सी शिवायला टाकाल तेव्हा दोन गोष्टी. शॉर्ट्स गडद रंगाच्या घ्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने पाळीच्या काळजीने पांढऱ्या सोडून निळ्या घेतल्या त्या थेट २०२३ मध्ये, आपण तरी पहिल्या दिवसापासून घेऊ. आणि पुरुषांच्या स्मॉल साइजचा गठ्ठा मागवू नका. टेप घेऊन प्रत्येकीचं माप मैदानावरच घ्या, मला बोलावलंत तर मी येते.